गाळ कुठे गेला?

हिंजवडी, माण, मारुंजी या पट्ट्यातल्या मोठ्या सोसायटीच्या सभेत एसटीपीचा, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा, विषय निघाला की चर्चा फार लवकर एका वाक्यापाशी येऊन थांबते : 'ऑपरेटर केमिकल नीट टाकत नाही, डोस वाढवायला सांगा.' फ्लशच्या पाण्याला वास येतो, डोस वाढवा. बागेत सोडलेल्या पाण्याला रंग आहे, डोस वाढवा. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पत्र आले, आधी डोस वाढवा, मग उत्तर लिहा. भोसरी-तळवड्याच्या लहान शेडमध्ये आणि चाकणच्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतही हीच समजूत पक्की आहे. आणि वारीच्या सुमारास आळंदीत इंद्रायणी फेसाने पांढरी झाली की ती समजूत थेट नदीपात्रात उतरते : काहीतरी फवारा, फेस बसवा, वारकऱ्यांना स्नान करू द्या.

ही समजूत चुकीची आहे आणि तिची किंमत मोठी आहे. तिच्यापायी पैसे खर्च होतात, कागदावर पाणी शुद्ध होते आणि मुळा, पवना, इंद्रायणी या तिन्ही नद्यांत घाण पोचायची ती पोचतेच. तिच्या बाजूने जे मुद्दे मांडले जातात ते मला इथे तपासायचे आहेत. रसायनांना माझा विरोध नाही. काही कामे त्यांच्याशिवाय होऊच शकत नाहीत आणि त्यांच्याबद्दलही पुढे लिहिणार आहे. हवा, वेळ आणि जाणता माणूस या तिघांच्या जागी निळा कॅन आणून ठेवण्याला माझा विरोध आहे.

पहिला मुद्दा डोळ्यांना दिसणारा असतो म्हणून तो सगळ्यांना पटतो. रसायन विकणारा माणूस काचेच्या भांड्यात काळपट सांडपाणी घेतो, थोडी तुरटी किंवा पीएसी टाकतो, ढवळतो, मग पॉलीचे दोन-चार थेंब सोडतो. काही मिनिटांत गुठळ्या धरतात, तळाशी बसतात, वर नितळ पाणी राहते. समिती सदस्य माना डोलावतात आणि खरेदीचा ठराव होतो.

या प्रयोगात खोटे काही नाही. सांडपाण्यातले अतिसूक्ष्म कण सारख्या विद्युतभाराचे असल्यामुळे एकमेकांना दूर लोटत पाण्यात तरंगत राहतात. तुरटीतले किंवा फेरिक क्लोराइडमधले धन आयन तो भार मारतात, कण जवळ येतात, अॅल्युमिनियम किंवा लोहाच्या हायड्रॉक्साइडच्या चिकट जाळ्यात अडकतात. पॉलीची लांब साखळी अशा लहान गुठळ्या एकत्र बांधून जड करते. धरणाच्या गढूळ पाण्यासाठी हीच युक्ती जगभर वापरली जाते आणि तिथे ती चोख काम करते, कारण पावसाळी पाण्यातली मुख्य घाण मातीच असते.

सांडपाण्याचे तसे नाही. त्यातली निम्मी-अर्धी घाण पाण्यात विरघळलेली असते. लघवीतला युरिया आणि त्यापासून झालेला अमोनिया, साबणातले फेस आणणारे द्रव्य, साखर, स्टार्च, प्रथिनांचे तुकडे, यांना पकडायला तुरटीपाशी हात नाहीत. अमोनियाला तर ती स्पर्शही करत नाही. म्हणून काचेच्या भांड्यातले ते नितळ पाणी झाकण लावून दोन दिवस ठेवले तर पुन्हा वास मारू लागते. विरघळलेले अन्न त्यात तसेच आहे, जिवाणू ते खात आहेत आणि पाण्यातला प्राणवायू संपवत आहेत. बीओडी म्हणजे नेमके हेच मोजमाप. आपल्याकडे सॅम्पल २७ अंश तापमानाला ३ दिवस ठेवून ते करतात, डोळ्याने करत नाहीत.

आणि जे कण खाली बसले, त्यांचे पुढे काय झाले? सगळा वाद माझ्या मते या एका प्रश्नावर उभा आहे आणि हाच प्रश्न कुणी विचारत नाही.

हिशोब साधा आहे. एका सोसायटीचे रोजचे सांडपाणी २ लाख लिटर धरू. लिटरमागे १०० मिलिग्रॅम तुरटी टाकली तर रोज २० किलो तुरटी लागली. दर किलो तुरटीमागे सुमारे २६० ग्रॅम अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड तयार होते, म्हणजे ५ किलोच्या वर. पाण्यात तरंगणारे कण लिटरमागे २०० मिलिग्रॅम धरले तर ते ४० किलो. तुरटीने आपले काम खरोखर केले असेल तर टाकीच्या तळाशी रोज ४५ किलो कोरडा माल जमला पाहिजे. पण तो कोरडा नसतोच. तळाचा गाळ ९८ टक्के पाणी असतो, त्यामुळे ४५ किलोचे सव्वादोन हजार लिटर होतात. चार-पाच दिवसांत दहा हजार लिटरचा एक टँकर भरेल इतका गाळ त्या सोसायटीतून बाहेर पडायला हवा, किंवा फिल्टर प्रेसमधून दाबून रोज दोन क्विंटलच्या आसपास ओल्या वड्या निघायला हव्यात.

आता आपापल्या सोसायटीचे रजिस्टर उघडावे. तुरटीची पावती असते, हायपोची (सोडियम हायपोक्लोराइटची) असते, पॉलीची असते. गाळाच्या रकान्यात काय लिहिले आहे? अनेक ठिकाणी तो रकाना कोरा असतो. फिल्टर प्रेस बसवलेला असतो, त्याची कापडे फाटून बरेच दिवस झालेले असतात. जिथे गाळ वाळवायचे वाफे आहेत तिथे जून ते सप्टेंबर ते पाण्याने भरलेले असतात, कारण सह्याद्रीच्या कुशीतल्या या भागात चार महिने काही वाळत नाही. मग गाळ गेला कुठे? पदार्थ नाहीसा होत नाही. तो एक तर टाकीत साठतो आणि थर वाढला की वरच्या नितळ पाण्याबरोबर थोडा थोडा वाहून जातो, किंवा पहाटे पंप उलटा लावून पावसाळी गटारात जातो, किंवा सक्शन टँकरमधून जवळच्या ओढ्यात रिकामा होतो. हिंजवडी-माणचे ओढे मुळेला मिळतात. म्हणजे आपण घाणीत रोज २० किलो तुरटी मिसळून तीच घाण नदीला दिली. नुसती घाण सोडली असती तर निदान तुरटीचे पैसे वाचले असते.

गाळ टाकीत साठू देण्याचा आणखी एक परिणाम आहे आणि त्याबद्दल बोलताना आवाज संयत ठेवणे मला कठीण जाते. गाळ तळाशी कुजतो, त्यात हायड्रोजन सल्फाइड साठतो आणि कधीतरी ती टाकी 'साफ' करायला माणसे उतरवली जातात. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये वाघोलीत एका सोसायटीच्या मैलाटाकीत उतरलेले कामगार गुदमरून मेले. हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा माणसाला असे उतरवायला स्पष्ट मनाई करतो. ज्या केंद्रातून गाळ रोज थोडा थोडा निघतो तिथे कुणाला आत उतरवण्याची वेळ सहसा येत नाही. गाळाचे रजिस्टर कोरे ठेवणाऱ्याने ही गोष्टही लक्षात घ्यावी.

दुसरा मुद्दा खर्चाचा. ब्लोअर चोवीस तास चालवले तर विजेचे बिल परवडत नाही, त्यापेक्षा केमिकल स्वस्त पडते, असे सांगतात. मेंटेनन्स वाढवायचा म्हटले की सभेत काय होते ते मला माहीत आहे, त्यामुळे हा मुद्दा मी हलका मानत नाही. पण त्यात जी अदलाबदल गृहीत धरली आहे ती होऊच शकत नाही.

१९१४ मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी दाखवून दिले की सांडपाण्यात हवा सोडत राहिले आणि खाली बसलेला गाळ फेकून न देता पुन्हा त्याच टाकीत घेतला, तर त्यातले जिवाणू विरघळलेली घाण काही तासांत खाऊन टाकतात. शंभरहून अधिक वर्षे झाली, एसबीआर, एमबीबीआर अशा नव्या पद्धती आल्या, गाळणारे पडदे आले, तरी आतले काम तेच आहे. जिवाणूंना प्राणवायू लागतो आणि तो ब्लोअरच देतो. वरच्याच २ लाख लिटरच्या सोसायटीत बीओडी लिटरमागे २५० मिलिग्रॅम असेल तर रोज ५० किलो बीओडी आला. तो संपवायला साधारण तितकाच किंवा थोडा जास्त प्राणवायू लागतो. शिवाय अमोनिया. लिटरमागे ४० मिलिग्रॅम नायट्रोजन म्हणजे रोज ८ किलो, आणि दर किलोला ४.५७ किलो प्राणवायू, म्हणजे आणखी ३६ किलो. एकूण नव्वदच्या आसपास. चांगले डिफ्युझर असले तरी त्यासाठी रोज ६० ते ९० युनिट वीज जळणारच. तुरटीच्या पोत्यात प्राणवायूचा एक ग्रॅमही मिळत नाही. रात्री अकराला ब्लोअर बंद करून पहाटे पाचला सुरू केला तर त्या सहा तासांची भरपाई कुठल्याही कॅनने होत नाही. उलट टाकीतले जिवाणू गुदमरतात आणि सकाळच्या आंघोळीचे पाणी नेमके तेव्हाच येऊन धडकते.

तुरटी भरपाई करत नाही एवढ्यावरही हे संपत नाही, ती जिवाणूंच्या वाटेत येते. अमोनियाचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना पाण्यात क्षारता लागते, दर मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला ७.१४ मिलिग्रॅम. ४० मिलिग्रॅमसाठी २८५. घाटमाथ्यावरच्या पावसाने भरलेल्या धरणांचे पाणी मऊ असते, त्यात मुळातच क्षारता कमी. त्यात एअरेशनच्या आधी तुरटी टाकली की दर मिलिग्रॅम तुरटी अर्धा मिलिग्रॅम क्षारता खाते. सामू उतरतो, जिवाणू मंदावतात, अमोनिया तसाच पुढे जातो, वास वाढतो. आणि मग सभेत कुणीतरी उठून म्हणते, डोस कमी पडतोय. चुकीच्या जागी टाकलेल्या औषधाने वाढलेल्या दुखण्यावर त्याच औषधाची मात्रा वाढवणे, असे हे चक्र आहे.

हिंजवडीबाबत एक वेगळी गोष्ट सांगायला हवी, कारण बाहेरून आणलेले ठरावीक डिझाइन इथे अनेकदा फसते. राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधल्या कार्यालयांचे सांडपाणी घरातल्या सांडपाण्यासारखे नसते. तिथे कुणी आंघोळ करत नाही, कपडे धूत नाही. बहुतेक पाणी स्वच्छतागृहांचे, थोडे कँटीनचे. म्हणजे लघवीचे, अर्थात अमोनियाचे प्रमाण जास्त आणि ते पातळ करणारे पाणी कमी. शनिवार-रविवारी टाकीतले जिवाणू उपाशी, सोमवारी सकाळी अचानक भरपेट. त्यात दिवसातून अनेकदा फरशीला फिनाइल, भांड्यांना अॅसिड, हातांना जंतुनाशक. जंतुनाशकाला एसटीपीतला जिवाणू आणि संडासातला जिवाणू यांतला फरक कळत नाही. अशा केंद्राला मोठी समतोल टाकी लागते, आठवडाअखेरीला गाळ जिवंत ठेवणारा ऑपरेटर लागतो, साफसफाईच्या ठेकेदाराशी बोलून अॅसिड आणि जंतुनाशक कमी करावे लागते. या तिन्हींपैकी एकही गोष्ट रसायनांच्या कोटेशनमध्ये नसते.

तिसरा मुद्दा हायपोचा. 'शेवटी क्लोरीन टाकतो ना, मग पाणी सुरक्षितच' हे वाक्य सर्वांत घातक आहे, कारण त्यात थोडे सत्य आहे. पिण्याच्या पाण्यात क्लोरीनने जितकी माणसे वाचवली तितकी फार थोड्या पदार्थांनी वाचवली असतील. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले तेव्हा दूषित पाण्यातून पसरणाऱ्या संसर्गाकडे बोट गेले आणि नळाच्या पाण्यात उरलेला क्लोरीन किती आहे हे तपासायची धावपळ झाली. ती योग्यच होती.

पण क्लोरीनचे काम स्वच्छ पाण्यात चालते. अमोनिया उरलेल्या पाण्यात हायपो टाकले की क्लोरीन आधी अमोनियाला धरतो आणि क्लोरामाइन बनते. तेही जंतू मारते, पण संथपणे. मोकळा क्लोरीन उरायला हवा असेल तर दर मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे साडेसात मिलिग्रॅमहून जास्त क्लोरीन लागतो. लिटरमागे ४० मिलिग्रॅम अमोनिया असलेल्या २ लाख लिटर पाण्याला रोज ६० किलो क्लोरीन, म्हणजे १० टक्क्यांचे पाचशे-सहाशे लिटर हायपो. कुठलीही सोसायटी ते टाकत नाही आणि टाकूही नये. पाण्यात सेंद्रिय घाण शिल्लक असताना क्लोरीन वाढवला की ट्रायहॅलोमिथेनसारखी अपायकारक संयुगे तयार होतात. आणि ते पाणी ओढ्यात गेले तर? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी क्लोरीनची दीर्घकालीन मर्यादा लिटरला ०.०११ मिलिग्रॅम ठरवली आहे. एसटीपीच्या शेवटच्या टाकीत १ मिलिग्रॅम उरलेला क्लोरीन चांगला मानला जातो. तो त्या मर्यादेच्या नव्वदपट आहे.

इथेच एक प्रथा उघड बोलून टाकली पाहिजे. सॅम्पल घ्यायचा दिवस कळला की त्या सकाळी हायपो भरपूर सोडायचे. याने कोलिफॉर्म खाली येतात हे सर्वांना माहीत आहे. कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट अशी की बीओडीही खाली येतो. बीओडीच्या बाटलीत जिवाणू जिवंत असतील तरच ते प्राणवायू वापरतील. उरलेला क्लोरीन त्यांना मारतो, प्राणवायू वापरला जात नाही आणि अहवालात सुंदर आकडा छापला जातो. नियमाप्रमाणे प्रयोगशाळेने आधी सल्फाइट घालून क्लोरीन मारायचा असतो आणि नवे जिवाणू घालायचे असतात. घाईच्या प्रयोगशाळेत ही पायरी गळते. म्हणून बीओडी ८ आणि सीओडी (रसायनाने मोजलेली प्राणवायूची मागणी) १५० असा अहवाल हाती आला तर आनंद मानू नये. इतके अंतर घरगुती सांडपाण्यात सहसा पडत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये सांडपाणी केंद्रांसाठी बीओडी १० ची कडक मर्यादा सांगितली. ती कागदावर गाठण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग झाला आहे, आणि नदीच्या दृष्टीने सर्वांत निरुपयोगी.

आता इंद्रायणीचा फेस. वर्तमानपत्रांत 'फॉस्फेटमुळे फेस' असे सर्रास छापून येते. फेस आणते ते डिटर्जंटमधले पृष्ठक्रियाशील द्रव्य. फॉस्फेटने फेस येत नाही, त्याने जलपर्णी पोसली जाते आणि ती पवनेत, मुळेत, पुढे भीमेतून उजनीपर्यंत दिसतेच. फेसासाठी दोन गोष्टी लागतात : पाण्यात न पचलेले साबणद्रव्य आणि पाणी खळाळवणारी जागा. आळंदीचा बंधारा ही अशी जागा आहे. तो फेस तयार करत नाही, वरून आलेले दाखवतो. आपल्याकडच्या डिटर्जंटमध्ये प्रामुख्याने जे साबणद्रव्य असते ते चांगल्या हवा दिलेल्या टाकीत जवळजवळ पूर्ण पचते. म्हणून आळंदीत फेस दिसला याचा अर्थ इतकाच की वर कुठेतरी सांडपाणी हवेच्या टाकीतून न जाता थेट नदीत आले. एखाद्या उद्योगाची धुण्याची टाकी असेल, एखाद्या वस्तीचा नाला असेल, एखादे बंद पडलेले पंपिंग स्टेशन असेल. शोध तिथे घ्यायचा असतो.

सिलिकॉनचे डिफोमर फवारले तर बुडबुडे फुटतात, पण साबणद्रव्य पाण्यातच राहते आणि खालच्या खळाळाला पुन्हा फेस येतो. दिल्लीत छठपूजेच्या वेळी कालिंदी कुंजजवळ यमुनेवर फवारणी होते आणि पुढच्या वर्षी पुन्हा होते. याउलट जर्मनीत काय झाले ते पाहा. १९५० च्या दशकात तिथल्या नद्यांवर, कालव्यांच्या दारांशी फेसाचे डोंगर उभे राहत, कारण त्या काळच्या डिटर्जंटचे रेणू जिवाणूंना पचत नव्हते. १९६१ मध्ये कायदा झाला आणि १९६४ पासून किमान ८० टक्के पचणारे साबणद्रव्यच विकायचे असे बंधन आले. कारखान्यांना रेणूच बदलावा लागला. अमेरिकेतल्या उत्पादकांनी १९६५ मध्ये तोच बदल केला. फेस उगमापाशी संपला, फवारणीने संपला नाही. आपल्याकडे पचणारे साबणद्रव्य आहे. ते पचवणारी हवा पुरेशी नाही आणि ते टाकीपर्यंत नेणारी वाहिनी अर्धवट आहे. बंगळूरचे बेळंदूर तळे आयटी कंपन्यांच्या पट्ट्यातच आहे. तिथल्या फेसाकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले आणि २०१८ च्या जानेवारीत तळ्याला लागलेली आग विझवायला लष्कराचे हजारो जवान बोलवावे लागले. हिंजवडीने तो रस्ता धरू नये अशी माझी कळकळ आहे.

रसायनांना कंटाळलेल्या लोकांपुढे अलीकडे दुसरा विक्रेता उभा राहतो. त्याच्याकडे 'बायोकल्चर' असते, पुडीत किंवा बाटलीत, दरमहा टाकायचे. 'रसायनमुक्त, नैसर्गिक' असे तो सांगतो. याची मांडणी वेगळी असली तरी तर्क तोच आहे. सांडपाण्यातून जिवाणू दर सेकंदाला कोट्यवधींनी येतच असतात. नवे केंद्र सुरू करताना किंवा विषारी पाण्याने टाकी मेल्यावर चांगल्या चालणाऱ्या केंद्रातला एक टँकर जिवंत गाळ आणला की काम भागते. हवा नसेल तर पुडीतले जिवाणू आधीच्या जिवाणूंसारखेच मरतात, हवा असेल तर पुडीची गरज पडत नाही. दर महिन्याला पुडी लागते याचा अर्थ टाकीत काहीतरी दर महिन्याला मरते आहे, आणि ते काय मारते आहे हे शोधायला हवे.

मग रसायने कुठे हवीत? भोसरी, तळवडे, चाकणच्या कारखान्यांत हवीत, आणि तिथे त्यांचा आग्रह धरायलाच हवा. गाड्यांच्या सुट्या भागांवर क्रोम, निकेल, जस्त चढवणाऱ्या लहान शेडमधून जे पाणी निघते ते कुठलाही जिवाणू पचवू शकत नाही. सहा संयुजेचे क्रोमियम पाण्यात विरघळलेले राहते आणि कर्करोगाला कारण ठरते. ते पकडायचा मार्ग एकच : आधी अॅसिडने सामू २ ते ३ वर आणायचा, सोडियम मेटाबायसल्फाइटने त्याचे तीन संयुजेच्या क्रोमियममध्ये रूपांतर करायचे, मग चुना किंवा कॉस्टिकने सामू ८-९ वर नेऊन ते हायड्रॉक्साइडच्या रूपात खाली बसवायचे. यातली एक पायरी चुकली की क्रोमियम सुटते. कायद्याची मर्यादा सहा संयुजेच्या क्रोमियमला लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम आहे. सायनाइडच्या टाकीचे काम नेमके उलटे : सामू १० च्या वर ठेवूनच हायपो घालायचे. त्याच पाण्यात चुकून अॅसिडची टाकी मिसळली तर हायड्रोजन सायनाइडचा वायू सुटतो आणि शेजारी उभा असलेला कामगार परत येत नाही.

म्हणजे इथे रसायन हाच उपाय आहे, पण तो मोजून, वेगळ्या टाक्यांत, सामूमापक रोज तपासून, शिकलेल्या माणसाच्या हातून. आणि इथेही शेवट गाळातच होतो. क्रोमियम नष्ट होत नाही, ते गाळात बसते. तो गाळ कायद्याने घातक कचरा आहे आणि तो रांजणगावच्या केंद्रावर पावतीनिशी गेला पाहिजे. २०२५ च्या फेब्रुवारीत पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखली-कुदळवाडीतली हजारो भंगार गोदामे आणि शेड पाडली. तिथली आग, धूर, सांडपाणी यांबद्दल तक्रारी होत्या हे खरे. पण पाडलेल्या शेडमधला धंदा दुसऱ्या गावात, आणखी आडबाजूला सुरू झाला तर त्याचे पाणी दुसऱ्या ओढ्यातून त्याच इंद्रायणीत येणार. दोन-चार कामगारांच्या शेडला स्वतःचे पूर्ण ईटीपी (औद्योगिक सांडपाण्याचे प्रक्रिया केंद्र) परवडत नाही, ही अडचण खोटी नाही. कुरकुंभसारख्या वसाहतीत सामायिक प्रक्रिया केंद्र उभे राहू शकते, तर देशाला गाड्या पुरवणाऱ्या या पट्ट्यातल्या लहान प्लेटिंगवाल्यांच्याही आवाक्यात ते असायला हवे. बुलडोझर लावण्यापेक्षा हे काम अवघड आहे आणि तेच आधी करायला हवे होते.

तुरटीलाही योग्य जागा आहे. जिवाणूंनी आपले काम केल्यावर, दुय्यम टाकीनंतर, उरलेले बारीक कण आणि फॉस्फेट काढायला थोडी तुरटी किंवा फेरिक वापरणे उत्तम. उजनीची जलपर्णी खरोखर कमी करायची असेल तर फॉस्फेट काढावेच लागेल. पण ती शेवटची पायरी आहे, आधीच्या पायऱ्या चढल्यावरची.

शेवटचा मुद्दा जबाबदारीचा. 'मंडळ तपासते, आपण काय करणार?' हिंजवडीत हा प्रश्न जास्त बोचतो. गावे ग्रामपंचायतींची, आयटी पार्क एमआयडीसीचा, बांधकामाची परवानगी पीएमआरडीएची, आणि वाकडचा पूल ओलांडला की महापालिकेची हद्द. या सगळ्यांमधून सलग मैलावाहिनी जात नाही म्हणूनच प्रत्येक संकुलाच्या तळघरात एसटीपी आहे. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार २० हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला मंजुरी देताना ती अट घातली गेली. विकासकाने तो बांधला, हस्तांतर केला आणि तो निघून गेला. आता तो सोसायटीचा आहे, त्याचे संमतिपत्र सोसायटीच्या नावावर होते. मंडळाकडे माणसे कमी आहेत ही तक्रार रास्त आहे आणि ती करत राहावी. पण २ लाख लिटर रोज सोडणाऱ्याने ती तक्रार ढाल म्हणून वापरू नये.

पुढच्या सभेत रसायनांचे कोटेशन मंजूर करण्याआधी सचिवांकडे तीन गोष्टी मागाव्यात : ब्लोअरसाठी स्वतंत्र मीटर आणि त्याचे महिन्याचे युनिट, महिन्यात बाहेर गेलेला गाळ किलोत आणि तो नेणाऱ्याची पावती, आणि एअरेशन टाकीतले पाणी लिटरच्या भांड्यात घेऊन अर्धा तास ठेवल्यावर किती गाळ बसतो याची रोजची नोंद. भांड्यात तळाशी चांगला तपकिरी थर बसत नसेल तर टाकीत जिवाणूच नाहीत आणि बाकी सगळी चर्चा व्यर्थ आहे. २ लाख लिटरच्या केंद्राला महिन्याला किमान १८०० युनिट हवेसाठी लागतात. मीटर ६०० दाखवत असेल तर दोन तृतीयांश हवा मिळालेली नाही, आणि तितकी घाण प्रयोगशाळेचा अहवाल काहीही म्हणो, मुळेत गेली आहे. ते कोटेशन बाजूला ठेवून तोच पैसा आधी विजेच्या बिलात, फिल्टर प्रेसच्या कापडात आणि दोन पाळ्यांच्या ऑपरेटरच्या पगारात घालावा.